डोकं हातात, धड हेडमध्ये

सायलेन्सरचा ६ मिलिमीटरचा बोल्ट काढताना पाना एकदम हलका झाला. ज्याच्यावर ही वेळ आलीय त्यालाच तो क्षण कळेल. बोल्टाचं डोकं माझ्या हातात, धड इंजिनच्या हेडमध्ये.

मी लगेच ईझी-आउट (तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं कडक पोलादी हत्यार) ठोकायला निघालो होतो. "थांबा, तो आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देणार नाही," म्हणून मला अडवणारे काका, सगळ्यात आधी तुमचे आभार. तुम्ही दोन दिवस तेल मुरवायला लावलंत, मग हेड तापवायला. हेडचं ॲल्युमिनियम बोल्टाच्या पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, हे शाळेत पाठ केलं होतं. उपयोग आत्ता कळला! बरोबर मध्यावर पंच मारण्यातच अर्धा तास गेला. डाव्या फिरकीच्या, म्हणजे बोल्ट सुटायच्या दिशेने फिरणाऱ्या ड्रिल बिटाने जरा आत जाताच तुकडा आपणहून गरगरत वर आला. मी चक्क ओरडलो.

आटे मात्र गेलेच होते. ओळख ना पाळख, तरी हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या कॉइलचा) संच हातात ठेवणाऱ्या ताई, तुमचेही आभार. ६.३ मिलिमीटरचं भोक, टॅपला (आटे पाडायच्या हत्याराला) ग्रीस म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो, अर्धा फेरा पुढे की पाव मागे, कॉइल काठाच्या किंचित खाली, शेवटी तिची शेपटी मोडून चिमट्याने बाहेर. सगळं शेजारी उभं राहून करून घेतलंत.

नवा बोल्ट १० न्यूटन-मीटरला पक्का बसलाय. ताई, तुमचा टॅप पुसून, तेल लावून ठेवलाय. गडबडीत नाव विचारायचंच राहिलं.