समासातली पेन्सिल

आदरणीय भाई,

आमच्या फोंड्याच्या नाट्यमंडळाच्या प्रदर्शनातला एपिडॉरसचा, म्हणजे ग्रीसमधल्या त्या प्राचीन उघड्या नाट्यगृहाचा, फलक आज छापून आला. त्यात सालांचा घोळ राहिला नाही, तो तुमच्यामुळे. आधी ज्यांच्याकडे गेलो, त्यांनी "तिथला नाट्यमहोत्सव १९३८चा, लिहून टाका" म्हणून आमची बोळवण केली होती. जाणकार म्हणायचं आपलं!

तुम्ही मसुदा ठेवून घेतलात आणि समासात सालं सुटी करून दिलीत. १९३८ साली ग्रीक दिग्दर्शक रोन्दिरिस यांनी त्या प्राचीन नाट्यगृहात 'इलेक्ट्रा' हे जुनं ग्रीक नाटक केलं. तो आधुनिक काळातला तिथला पहिला प्रयोग, महोत्सव नव्हे. मग युद्ध, यादवी. १९५४ला त्यांचंच 'हिपॉलिटस', म्हणजे रंगीत तालीमच म्हणा. महोत्सव रीतसर सुरू झाला १९५५ला, 'हेक्युबा'ने. ऑपेरा गायिका मारिया कॅलासची १९५७ची मैफल हेरोडियनमधली, म्हणजे अथेन्सच्या प्राचीन नाट्यगृहातली. एपिडॉरसला ती 'नॉर्मा' हा ऑपेरा गायली १९६०मध्ये. दोन्ही जागा दगडी, दोन्ही उघड्या, म्हणून फोटो अदलाबदल होतात. खूण तुम्हीच सांगितलीत : मागे कमानींची उंच भिंत दिसली की हेरोडियन, एपिडॉरसला मागे झाडं नि डोंगर.

नाण्याची गोष्ट तर आम्ही मथळ्यातच घातली होती : मध्यावर नाणं टाका, कुजबुजा, ५५व्या रांगेत ऐकू येतं. तिथे तुमची पेन्सिल जरा जोरात उमटली आहे. डच संशोधकांनी २०१७ साली मोजमाप जाहीर केलं : नाण्याचा आवाज मागेपर्यंत जाणवतो, पण तो नाण्याचाच हे कळतं निम्म्या अंतरापर्यंत, कुजबूज समजते ती पुढच्याच लोकांना. खणखणीत आवाजात बोललेलं मात्र शेवटपर्यंत पोचतं. चुनखडीच्या पायऱ्या खालच्या पट्टीतली गुणगुण दाबतात, म्हणून प्रेक्षकांची कुजबूज नटाच्या वाक्यावर चढत नाही. दशावतारात माइकशिवाय आवाज फेकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

चुका काढणारे पैशाला पासरी मिळतात. तुम्ही शेवटी बारीक अक्षरात लिहिलंत, "मी चुकलो असेन तर पुसा", आणि पाकिटात खरोखरच निम्मं झिजलेलं खोडरबर घातलंत. ते हाती आलं तेव्हा कुणाला बोलायलाच सुचेना.

पुसावं लागलं नाही, भाई. फलक लागला की खोडरबर परत द्यायला येतो.

आपले,
नाट्यमंडळातले सगळे