पऱ्हाटीच्या आम्लात डावे-उजवे नको

महोदय,

कापसाची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटीपासून (कापसाच्या वाळक्या झाडांपासून) विघटनशील प्लास्टिक काढायच्या गप्पा निघतात. साखर, लॅक्टिक आम्ल, मग पीएलए (या आम्लाचे रेणू साखळीत जोडून होणारे प्लास्टिक) हा मार्ग खोटा नाही. अडते ते शुद्धतेपाशी. या आम्लाचे रेणू दोन तऱ्हेचे, एल आणि डी, जणू डावा-उजवा हात. निव्वळ एलचे पीएलए १७० ते १८० अंशांना वितळते. डी मिसळत गेले की वितळबिंदू घसरतो. निम्मे-निम्मे झाले तर स्फटिकच बनत नाहीत आणि गरम चहा ओतताच पेला वाकतो.

साखरेचे आम्ल करणारा जंतू मात्र गावच्या मातीतही शोधता येतो. उकिरड्याजवळची १ ग्रॅम माती ९ मिलि निर्जंतुक पाण्यात ढवळून ८० अंशांवर १० मिनिटे ठेवावी. बीजाणू तेवढे टिकतात. ते पाणी आणखी पातळ करून ग्लुकोज, यीस्टचा अर्क आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या आगर थाळीवर पसरावे, ५० अंशांवर दोन दिवस. (फळ्यावरचा खडू घालू नये, तो बहुधा जिप्समचा असतो.) दुधाळ थाळीत ज्या ठिपक्याभोवती स्वच्छ कडे पडते, तो आम्ल करणारा. एल-आम्ल करणारा बॅसिलस कोॲग्युलन्स असा हाती लागू शकतो. पऱ्हाटीतली झायलोज ही साखरही तो खातो.

कड्यावरून आम्ल कळते, एल की डी ते नाही. इथे पोलॅरिमीटर (द्रावण ध्रुवित प्रकाशाला कुठे आणि किती वळवते ते मोजणारे यंत्र) हमखास फसवतो. एल-आम्लाचे विशिष्ट वलन जेमतेम +३.८, ग्लुकोजचे +५२.७, चिमूटभर साखर उरली तरी आकडा तिचाच येतो. त्यातून एल-आम्ल उजवीकडे वळवते, तर त्याचाच कॅल्शियम क्षार डावीकडे! एल आणि डी डिहायड्रोजनेज विकरांच्या (एक फक्त एल ओळखते, दुसरे फक्त डी) वेगवेगळ्या चाचण्याच कराव्यात.

आंबवण्याची टाकी ५० अंशांवर, सामू ६ च्या आसपास. रात्री वीज जाऊन तापमान चाळिशीखाली आले, की दोन्ही तऱ्हेचे आम्ल करणारे लॅक्टोबॅसिलस घुसतात आणि वरून काही कळत नाही. जंतूच्या नत्रासाठी मक्याचे भिजवणपाणी स्वस्त पडते, पण त्यात मुळातच एल-डी मिश्रण असते. त्यापेक्षा आपली सोयापेंड बरी.

चुन्याच्या पद्धतीत (आम्ल चुन्याने शमवायचे, मग गंधकाम्लाने मोकळे करायचे) १ किलो आम्लामागे सुमारे ९५० ग्रॅम जिप्सम निघते. प्रकल्पाला जागा मागायला येणाऱ्याला ग्रामसभेने तो ढीग कुठे टाकणार हे विचारावे आणि डीचा टक्का लेखी मागावा.

– सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, जि. यवतमाळ