मुंबईत हॉटेल घेताना

संपादक महोदय,

सुट्टीत मुंबई पाहायला येणारी कुटुंबे स्वस्त म्हणून पनवेलला खोली घेतात. तिथून सीएसएमटीला लोकलने सुमारे सव्वा तास लागतो. सकाळच्या गर्दीत मुलांना घेऊन चढणे धोक्याचे. थोडे जास्त भाडे देऊन दादर बघावे, तिथे मध्य आणि पश्चिम दोन्ही मार्ग मिळतात.

खरा फटका बसतो तो चेक-इनचा. गाडी पहाटे पोहोचते, खोली मात्र दुपारी बारानंतर. त्यामुळे ‘चोवीस तास चेक-इन’ आहे का, हे लेखी विचारावे. कन्फर्म तिकीट असेल तर स्टेशनवरची रिटायरिंग रूम पीएनआरवर आधी पाहावी.

खिडकी, स्वतंत्र बाथरूम, जादा गादीचे पैसे आणि कर हे जाहिरातीतच छापणे हॉटेलांना बंधनकारक करावे.

– एक वाचक, दादर