गाईडमधली वेळ चुकली आणि आईचा संकासूर हुकला

दि. 10 मार्च 2025

प्रति,
मा. नोडल अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग (डीटीएच)

विषय: प्रोग्रॅम गाईडमध्ये (टीव्हीवर दिसणाऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकात) एका मराठी वाहिनीची वेळ महिनाभर चुकीची दाखवल्याबद्दल, आणि चार तक्रारी न बघताच बंद केल्याबद्दल

स.न.वि.वि.

मी देवगड तालुक्यात राहतो. 11 वर्षं तुमचा ग्राहक आहे, रिचार्ज एकदाही चुकवलेला नाही. टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान चालवतो आणि गावोगाव छत्र्या (डिश अँटेना) बसवून देतो. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या कॉल सेंटरवर मला चारही वेळा आधी "सर, बॉक्स बंद करून चालू करा" हेच सांगण्यात आलं. बॉक्स बंद-चालू करण्याचं काम मी रोज दहा घरांत करतो. माझी तक्रार बॉक्सची नाही, तुम्ही आकाशातून पाठवता त्या माहितीची आहे.

16 फेब्रुवारी, रविवार. एका मराठी वाहिनीवर दर रविवारी दुपारी लोककलेचा कार्यक्रम असतो. त्या रविवारी एका जुन्या दशावतारी नाटकाचं चित्रीकरण दाखवणार होते. ते नाटक करणाऱ्या कंपनीत माझा मामा संकासूर या राक्षसाची भूमिका करायचा. मामा जाऊन सहा वर्षं झाली. त्याचं दुसरं कुठलंही चित्रीकरण आमच्याकडे नाही. वाहिनीवरच्या जाहिरातीत "या रविवारी दुपारी" एवढंच होतं, म्हणून गुरुवारी माझ्या मुलीने गाईड उघडून वेळ बघितली आणि आजीच्या कॅलेंडरवर 16 तारखेच्या चौकोनात पेनाने लिहिली: 4 ते 6. गाईडवरूनच पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंगही लावून ठेवलं.

त्या दिवशी मी दूरच्या एका वाडीत घराच्या छपरावर होतो. तिथे फोनला रेंज नाही. आई पावणेचारलाच नेसून, खळ्यातली कामं टाकून टीव्हीसमोर बसली होती. सकाळी मला म्हणाली होती, "आज माझो भाव दिसतलो." चार वाजता तिने वाहिनी लावली तेव्हा पडद्यावर आख्यान रंगात आलं होतं. दशावतार ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग, त्यात गणपती येतो, सरस्वती येते, मग संकासूर. आख्यान, म्हणजे मुख्य कथा, त्यानंतर. तो एकदा गेला की परत येत नाही. आई सहा वाजेपर्यंत तशीच बसून राहिली. मी घरी आलो तेव्हा तिने एवढंच विचारलं, "संकासूर येवन गेलो काय रे?"

कार्यक्रम 3 वाजता सुरू होऊन 5 वाजता संपला होता. रेकॉर्डिंगमध्ये नाटकाचा दुसरा तास आहे आणि नंतरचा एक तास भलत्याच कार्यक्रमाचा.

आता पुरावा. आमच्या शेजाऱ्यांकडेही तुमचीच छत्री आहे. त्यांनी टीव्ही सहज लावला होता. संकासूर आला तसा त्यांनी मामाला चालीवरून ओळखलं आणि 3 वाजून 20 मिनिटांनी पडद्याचा फोटो काढून मला पाठवला. तो मला संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर मिळाला. फोटोत काळ्या कपड्यातला, काळ्या मुखवट्याचा, लाल जीभ बाहेर काढलेला संकासूर आहे, आणि खाली तुमची निळी पट्टी आहे. पट्टीवर कार्यक्रमाचं नाव आणि वेळ: 3.00 ते 5.00. म्हणजे पट्टीला खरी वेळ माहीत होती. त्याच वेळी त्याच बॉक्समधल्या आठवड्याच्या तक्त्यात 4.00 ते 6.00 लिहिलेलं होतं. शेजाऱ्यांनी फोटोनंतर लगेच तक्ता उघडून बघितला होता. फोटो सोबत जोडला आहे.

रात्री 9 वाजता मी पहिली तक्रार नोंदवली. उत्तर मिळालं, "वातावरण खराब असेल सर, सिग्नल कमी झाल्यामुळे गाईड चुकतं." माघ महिना होता. आंब्याला मोहोर होता, आकाशात ढगाचा पुंजका नव्हता. पण समजा, भर आषाढातला पाऊस असता, तरी ते उत्तर चूकच ठरलं असतं. का, ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्या माणसांना हे कोणी शिकवलेलं दिसत नाही.

उपग्रहाकडून येणारा सगळा माल 188 बाइटच्या लहान लहान पाकिटांत येतो. चित्राची पाकिटं वेगळी, आवाजाची वेगळी, गाईडची वेगळी. डीव्हीबी या डिजिटल टीव्ही प्रसारणाच्या मानकाप्रमाणे गाईडच्या पाकिटांवर 18 हा क्रमांक असतो आणि घड्याळाच्या पाकिटांवर 20. बॉक्स उपग्रहाला काही विचारू शकत नाही, आमच्या छत्रीतून वर काहीच जात नाही. म्हणून गाईडचे तक्ते रहाटगाडग्यासारखे फिरत राहतात, आणि बॉक्स समोर येणारा एकेक पोहरा उचलून आपल्या मेमरीत ओततो. वीज गेली की बऱ्याच बॉक्सांत ते सांडतं आणि पुन्हा पहिल्यापासून भरावं लागतं. आमच्याकडे वीज कितीदा जाते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून वीज आल्यावर थोडा वेळ गाईड रिकामं दिसतं आणि "माहिती उपलब्ध नाही" येतं. ते मी समजू शकतो आणि गिऱ्हाइकांनाही समजावतो.

पण रिकामं असणं वेगळं आणि चुकीचं असणं वेगळं. गाईडच्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ताळा तपासायचा एक आकडा जोडलेला असतो, त्याला सीआरसी म्हणतात. पावसाने किंवा छत्री हलल्याने एक बिट जरी बिघडला तरी ताळा जुळत नाही आणि बॉक्स तो तुकडा टाकून देतो. पाऊस गाईड पुसू शकतो. 3 चे 4 करणं पावसाच्या हातात नाही. 4 दिसले याचा अर्थ तुमच्याकडून 4 च पाठवले गेले.

घड्याळाचीही चूक नाही. गाईडमधल्या वेळा जागतिक वेळेत, यूटीसीत, लिहिलेल्या असतात आणि बॉक्स त्यात साडेपाच तास मिळवून आपल्याला दाखवतो. घड्याळ बिघडलं असतं तर सगळ्याच वाहिन्यांच्या वेळा सरकल्या असत्या. इथे एकाच वाहिनीची सरकली होती, तीही नेमकी एका तासाने.

चूक कुठे आहे ते मी स्वतः शोधलं. कार्यक्रमांची माहिती दोन वेगवेगळ्या तक्त्यांत जाते. एक "आता आणि नंतर" चा तक्ता, ज्यावरून खालची पट्टी बनते. तो दर दोन सेकंदांत एकदा तरी यायला हवा, असं मानकात सुचवलेलं आहे. दुसरा पुढच्या दिवसांचा तक्ता. त्यात प्रत्येक दिवसाचे तीन-तीन तासांचे 8 तुकडे असतात. आमची दुपारची 3 ची वेळ यूटीसीत 9.30 होते आणि 4 ची 10.30. दोन्ही 9 ते 12 च्या एकाच तुकड्यात येतात. तुमच्या माणसाला तेवढा एक तुकडा दुरुस्त करायचा होता. दुरुस्ती केली की तक्त्याचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढवायचा असतो, म्हणजे बॉक्सला कळतं की जुनं टाकून नवीन घ्यायचं आहे.

माझ्या दुकानातल्या संगणकात उपग्रहाचा सिग्नल घेणारं डीव्हीबी कार्ड आहे. 23 फेब्रुवारीला आणि 2 मार्चला, दोन्ही रविवारी, दुपारी अडीच ते साडेपाच मी ते लावून बसलो. पट्टीच्या तक्त्याचा आवृत्ती क्रमांक कार्यक्रम बदलेल तसा वाढत होता आणि त्यात वेळ 9.30 होती. आठवड्याच्या तक्त्याचा क्रमांक तीन तासांत हलला नाही आणि त्यात वेळ 10.30 होती. वाहिनीने लोककलेचा कार्यक्रम फेब्रुवारीपासून तासभर अलीकडे आणला, हे तुमच्या एका तक्त्यापर्यंत पोचलं आणि दुसऱ्यापर्यंत पोचलं नाही. वाहिनीने कळवलं नाही की तुमच्याकडे कोणी भरलं नाही, हे मी दुकानात बसून सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता, आणि सांगायला हवं.

18 तारखेला मी दुसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा तुम्ही 20 तारखेला तंत्रज्ञ पाठवला. पोरगा चांगला होता, उन्हातून मोटरसायकलवर आला होता. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला गाईडबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं, "सिग्नल तपासा" एवढाच निरोप होता. सिग्नल उत्तम होता. तरी त्याने नियमाप्रमाणे छत्रीचे बोल्ट सैल केले. खाऱ्या वाऱ्याने इथले बोल्ट गंजून धरलेले असतात, एक तुटला. तो मी माझ्याकडचा बसवला. मग त्याने बॉक्स पूर्ण रिसेट केला. आईच्या आवडीच्या वाहिन्यांची यादी गेली, लावलेली सगळी रिमाइंडरं गेली, 250 रुपये भेटीचे गेले. कोऱ्या बॉक्समध्ये गाईड नव्याने भरलं आणि रविवारच्या चौकोनात पुन्हा 4.00 च आलं. त्या पोरासमोरच आलं. शेजाऱ्यांच्या बॉक्समध्येही तेच. तरीही संध्याकाळी मला एसएमएस आला: "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." 24 फेब्रुवारीच्या आणि 3 मार्चच्या तक्रारींना तर कोणी आलंही नाही, फक्त एसएमएस आले.

शेवटच्या फोनवर मला सांगण्यात आलं की गाईड ही "फक्त माहितीसाठी" दिलेली सोय आहे, वेळ मोबाइल अ‍ॅपवर बघावी. आमच्या वाडीत अ‍ॅप उघडायला नदीकडच्या उतारावर जावं लागतं. आणि गाईड फक्त माहितीसाठी असेल तर त्याच गाईडवर रेकॉर्डिंगचं बटण का दिलंत? त्या बटणाच्या भरवशावर माणूस घर सोडून कामाला जातो. खरं तर तुमच्याच पट्टीला खरी वेळ माहीत असताना बॉक्सने रेकॉर्डिंग त्या पट्टीप्रमाणे सुरू करायला हवं होतं. कार्यक्रम चालू झाला की नाही, हे सांगायचीही जागा तक्त्यात असते. ती वापरली असती तर मामा आज पेन ड्राइव्हमध्ये असता.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2017 च्या नियमांत गाईडची शिस्त ठरवून दिलेली आहे. एका प्रकारच्या वाहिन्या लागोपाठ, त्यात एका भाषेच्या एकत्र, एक वाहिनी एकाच जागी. ते तुम्ही पाळता, मराठी वाहिन्या ओळीने मिळतात, याबद्दल तक्रार नाही. तेवढीच काळजी वेळेची घ्या, एवढंच म्हणणं आहे.

आणखी एक गोष्ट, जी आई कधीच बोलणार नाही म्हणून मी लिहितो. ती चौथी शिकलेली आहे, चष्मा लावून पोथी वाचते. पण तुमच्या गाईडमध्ये मराठी कार्यक्रमांची नावं इंग्रजी अक्षरांत असतात, त्यामुळे तिला दर वेळी नातीला हाक मारावी लागते. मानकात प्रत्येक मजकुराच्या पहिल्या बाइटमध्ये अक्षरं कुठली ते सांगायची सोय आहे, आणि यूटीएफ-8 ही अक्षरांची संकेतपद्धत निवडली की देवनागरी जाते. तुमच्या बॉक्सचा मेन्यू मराठीत करता येतो, म्हणजे बॉक्सला देवनागरी दाखवता येते हे उघड आहे. मग कार्यक्रमांची नावं तेवढी इंग्रजीत का?

माझ्या मागण्या अशा. त्या वाहिनीचा आठवड्याचा तक्ता ताबडतोब दुरुस्त करा. काल रविवारीही तो चुकलेलाच होता. बदललेली वेळ तुमच्याकडे कधी आली आणि दुसऱ्या तक्त्यात का गेली नाही, ते लेखी कळवा. भेटीचे 250 रुपये परत करा. गाईडची तक्रार आली की ती छत्रीवाल्याकडे न पाठवता गाईड भरणाऱ्या विभागाकडे जाईल, अशी सोय करा. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली जिल्हा आयोगाकडे जाईन. चारही तक्रारींचे क्रमांक, एसएमएस, फोटो, आणि दोन रविवारच्या तक्त्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. प्रती सोबत जोडल्या आहेत.

शेवटची मागणी ही विनंती समजा. नाटक तुमचं नाही, वाहिनीचं आहे, हे मला कळतं. पण वाहिनीशी तुमचा रोजचा संबंध आहे, माझ्या फोनला तिथे कोणी दाद देत नाही. त्या भागाचं पुनःप्रसारण करायला, किंवा निदान पहिला एक तास आम्हाला द्यायला त्यांना सांगा. शेजाऱ्यांचा फोटो मी मोठा करून आईला दिला. तिने तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, मुखवट्याच्या आत कोण आहे ते फोटोत कसं कळणार, भावाला ती आवाजावरून ओळखते.

पुनःप्रसारणाची वेळ ठरली तर कृपया नोंदणीकृत क्रमांकावर फोन करून सांगा. दुपारी आई घरीच असते, ती फोन उचलेल.

आपला,
(सही)
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग