ताप कितव्या दिवसाचा?

संपादक महोदय,

पावसाळा लागला की पॅथॉलॉजी लॅबबाहेर ‘फीवर प्रोफाइल’चे फलक झळकू लागतात आणि मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड या सगळ्यांच्या तपासण्या एकदमच, बहुधा तापाच्या दुसऱ्याच दिवशी, उरकल्या जातात. यातली प्रत्येक तपासणी रक्तात वेगळी गोष्ट शोधते आणि त्या गोष्टीची दिसण्याची वेळही वेगळी असते, हे मात्र रुग्णाला क्वचितच सांगितले जाते.

डेंग्यूची एनएस1 चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते, म्हणून ती पहिल्या चार-पाच दिवसांत अधिक उपयोगी पडते. विषाणूशी लढायला शरीर जी आयजीएम प्रतिपिंडे तयार करते, ती साधारण पाचव्या दिवसापासून सापडू लागतात. त्यामुळे सहाव्या दिवशी एनएस1 निगेटिव्ह आली किंवा दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आली, तरी तेवढ्यावरून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. लेप्टोची (दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) प्रतिपिंडेही पहिल्या काही दिवसांत सापडत नाहीत, म्हणून चिखलात राबलेल्या माणसाला ताप आला तर जाणते डॉक्टर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात.

सर्वाधिक गैरसमज आहेत ते विडालविषयी. 1896 पासून वापरात असलेली ही चाचणी टायफॉइडचे जंतू नव्हे, तर त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे मोजते. आपल्याकडे पूर्वीच्या संसर्गामुळे वा लसीमुळे धडधाकट माणसातही ती 1:80 पर्यंत, म्हणजे रक्तद्रव ऐंशी पट पातळ केल्यावरही, आढळू शकतात. खात्री हवी तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करावे लागते, आणि तेही शक्यतो अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्यापूर्वी. (आपल्याकडे तो डोस पुष्कळदा मेडिकलच्या दुकानातूनच सुरू झालेला असतो!) गेल्या वर्षी माझ्या भाच्याला दुसऱ्या दिवशीच्या ‘विडाल 1:80’ एवढ्या आधारावर टायफॉइड ठरवून गोळ्या दिल्या गेल्या. मलेरियासाठी रक्ताचा थेंब पसरून तपासलेली पहिली काचपट्टी निगेटिव्ह होती. चार दिवसांनी थंडी वाजून ताप चढलेला असताना पुन्हा रक्त घेतले, तेव्हा व्हायव्हॅक्स मलेरियाचे परजीवी दिसले. एका निगेटिव्ह काचपट्टीने मलेरिया बाद होत नाही, ही गोष्ट आम्हाला तेव्हा कळली.

रक्ताच्या नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर वय आणि लिंग यांच्या शेजारी ‘ताप सुरू झाल्याची तारीख’ असा एक रकाना छापावा, एवढीच माझी सूचना आहे. भाच्याच्या चिठ्ठीवर तो नव्हता; अहवालावर सही करणाऱ्याला तो ताप दोन दिवसांचा की दहा दिवसांचा, हे कळायला काही मार्गच नव्हता.

आपला,
एक वाचक, चिपळूण