चिखल्यांवर कोणते मलम लावता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

भाताच्या लावणीत दिवसदिवस चिखलात उभे राहणाऱ्यांना आणि भिजलेल्या बूट-मोज्यांतच आठ-दहा तास काम करणाऱ्यांना चिखल्या नव्या नाहीत. पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडते, सोलते, खाजते आणि शेवटी तिला भेगा पडतात. पावसाळा सरला की हे आपोआप जाईल, असे आपण धरून चालतो. परंतु भिजून मऊ झालेल्या कातडीत एकदा बुरशी शिरली, की ती पाऊस थांबल्यावरही टिकते आणि पुढे नखांत किंवा जांघेत गजकर्ण होऊन पसरू शकते.

माझी तक्रार उपचाराविषयी आहे. औषधाच्या दुकानात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटले, की पुष्कळदा स्टेरॉइड, अँटिबायोटिक व बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब हाती पडते. तिच्यातील बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल या स्टेरॉइडमुळे खाज व लाली लगेच शमते, म्हणून ती शेजारीपाजारीही सुचवली जाते. मात्र त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्याने आत बुरशी फोफावत राहते आणि मलम थांबवताच दुखणे उसळते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीला मनाई केली, तरी या ट्यूब सहज मिळतात.

साध्या चिखल्यांना १ टक्का क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशकाचे, स्टेरॉइड नसलेले मलम बहुधा पुरते. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करून ते दिवसातून दोनदा, भोवतालच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीलाही लावावे आणि खाज थांबली तरी साधारण चार आठवडे सोडू नये. उपचार फसतो तो बहुधा इथेच. मेंदीच्या लेपाने थंडावा मिळतो हे खरे, पण तेवढ्यावर विसंबू नये. रॉकेल तर मुळीच लावू नये. पायांचा पंचा वेगळा ठेवावा, मोजे रोज बदलावेत, गमबूट आतून वाळल्याखेरीज पुन्हा घालू नयेत, आणि कपडे करताना अंतर्वस्त्रांआधी मोजे चढवावेत, म्हणजे बुरशी जांघेपर्यंत जात नाही.

मधुमेह्यांनी मात्र घरगुती उपचारांत वेळ घालवू नये, कारण भेगेतून जंतुसंसर्ग होऊन पाय सुजू शकतो; पाय लाल, गरम झाला किंवा ताप आला तर कोणीही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

अन्न व औषध प्रशासनाने निदान पावसाळ्याच्या तोंडावर तरी चिठ्ठीविना होणाऱ्या या विक्रीची तपासणी करावी.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी जिल्हा