‘साधा टॅक्सीचालक’ म्हणजे काय?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतील अमेरिकी मोटार शर्यतपटू बेनी पार्सन्स यांच्यावरील लेख वाचला. स्टॉक कार शर्यतींसारख्या (बाजारातल्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या) विषयाला मराठी दैनिकाने अर्धे पान दिले याबद्दल प्रथम आभार मानतो, म्हणजे पुढचे लिहायला मोकळा होतो.

‘एका साध्या टॅक्सीचालकाचे नशीब कसे फळफळले’ हा लेखाचा सूर आहे आणि 1973 साली ‘अवघी एक शर्यत जिंकून’ त्यांच्या पदरात वर्षभराच्या शर्यतींचे विजेतेपद पडले, हा त्याचा पुरावा म्हणून दिला आहे. त्या वर्षीच्या 28 शर्यतींपैकी पार्सन्स यांनी ब्रिस्टलची एकच जिंकली आणि त्या दिवशीही काही काळ त्यांची गाडी दुसऱ्या चालकाने चालवली होती, हे खरेच आहे. लेखकमहाशयांना हे ठाऊक असते तर त्यांनी तेही नशिबाच्याच खात्यात जमा केले असते. त्यांचे प्रतिस्पर्धी डेव्हिड पिअर्सन यांनी त्या वर्षी 11 शर्यती जिंकल्या, परंतु ते उतरलेच होते 18 शर्यतींत, आणि त्या काळी नुसत्या क्रमांकाला नव्हे तर पूर्ण केलेल्या फेऱ्यांनाही गुण असत. वर्षभर गाडी मोडू न देता पळवणे हेही कौशल्य आहे, एवढे क्रीडापानावर लिहिणाऱ्याला समजायला हरकत नव्हती.

हंगामाची शेवटची शर्यत नॉर्थ कॅरोलायनातील रॉकिंगहॅमला होती. तेराव्याच फेरीत पार्सन्स यांची शेवरोले अपघातात सापडून तिची उजवी बाजू सोलल्यासारखी निघाली. तेव्हा स्पर्धेत न उतरलेल्या एका गाडीच्या सांगाड्याच्या नळ्या काढून आणण्यात आल्या, ज्यांच्याशी वर्षभर चुरस होती त्यांचे मेकॅनिक स्वतःची हत्यारे घेऊन धावले, आणि शंभराहून अधिक फेऱ्या हुकल्यानंतर पार्सन्स त्याच गाडीतून पुन्हा ट्रॅकवर आले. त्यांचा क्रमांक आला 28वा, पण वर्षभराच्या गुणांत प्रतिस्पर्धी केल यारबरो मागे राहिले आणि विजेतेपद पार्सन्स यांच्याकडे गेले. आता प्रतिस्पर्ध्यांची माणसे एखाद्याच्या गाडीखाली शिरून तिला वेल्डिंग करतात ती त्याच्या कुंडलीतील ग्रह पाहून, असे लेखकाचे म्हणणे असल्यास माझा नाइलाज आहे.

परंतु मला खरोखर झोंबला तो ‘साधा’ हा शब्द. पार्सन्स यांचे बालपण विल्क्स काउंटीत पणजीजवळ, वीज नसलेल्या घरात गेले आणि पुढे डेट्रॉइटमध्ये त्यांनी वडिलांच्या व्यवसायात टॅक्सी चालवली. शर्यतीच्या प्रवेशअर्जात व्यवसायाच्या रकान्यात ते ‘टॅक्सीचालक’ असेच लिहीत. आपल्या लेखकाने याला ‘विनम्रता’ म्हटले आहे. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण घरचे आहे.

माझे वडील दादर स्थानकाबाहेर टॅक्सी लावत. 1967 साली आठवीच्या प्रवेशासाठी ते मला एका नामांकित शाळेत घेऊन गेले, तेव्हा तिथल्या कारकुनांनी ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यातील ‘टॅक्सीचालक’ हा शब्द खोडून वर ‘खासगी नोकरी’ असे लिहिले आणि ‘मुलाच्या दृष्टीने बरं दिसेल’ असे समजुतीच्या सुरात सांगितले. वडिलांनी खाकी शर्टावरच्या बिल्ल्यावर बोट ठेवून, ‘परवाना माझ्या नावावर आहे, मग नोकरी कुणाची?’ असे विचारले. मग अर्ज उलटा फिरवून आपल्याकडे घेतला आणि खोडलेल्या शब्दाखाली, जेमतेम बोटभर जागेत, तोच शब्द पुन्हा लिहिला. मला त्या वेळी लाज वाटली होती, हे कबूल करतो. त्या कारकुनांना वाईट म्हणवत नाही, कारण ते मदतच करत होते. आपले लेखकही बहुधा पार्सन्स यांना मदतच करत असावेत.

2003 ते 2006 या काळात मी कामानिमित्त अमेरिकेत शार्लटला राहत होतो आणि रविवारी दुपारी दूरचित्रवाणीवर पार्सन्स यांचे समालोचन ऐकत असे. शर्यतीत मध्येच गाडी दुरुस्तीला थांबते त्या पिट स्टॉपला मेकॅनिक मागच्या काचेतून लांब पाना घालून अर्धा फेरा का फिरवतो, त्याने चाकांवरचा भार कसा बदलतो आणि मग वळणावर गाडीचे शेपूट का सुटत नाही, हे मला तिथे कळले. लोक त्यांना ‘प्रोफेसर’ म्हणत ते उगाच नव्हे. 2006 साली फुप्फुसाच्या कर्करोगावर उपचार चालू असतानाही ते समालोचनाला बसत होते आणि 16 जानेवारी 2007 रोजी, वयाच्या 65व्या वर्षी, गेले. या समालोचनाच्या कामाला लेखात दीड ओळ आहे. मात्र ठिकठिकाणच्या ट्रॅकवरचे खाद्यपदार्थ ते कॅमेऱ्यासमोर चवीने खात, त्याला पूर्ण परिच्छेद.

आणखी एक गोष्ट. 1982 साली टॅलाडेगाच्या ट्रॅकवर पार्सन्स यांनी पात्रता फेरीत ‘ताशी 200 किलोमीटरचा टप्पा ओलांडून इतिहास घडवला’ असे आपण छापले आहे. तो वेग ताशी 200.176 मैल, म्हणजे सुमारे 322 किलोमीटर होता. ताशी 200 किलोमीटर गाठल्याचे तर आमच्या इमारतीतील महाविद्यालयीन चिरंजीवही द्रुतगती मार्गावरून आल्यावर सांगतात, पण त्यांच्यावर अद्याप कोणी अर्धे पान लिहिलेले नाही.

शेवटी, 1975च्या डेटोना शर्यतीबद्दलचा मजकूर ‘अखेरच्या काही फेऱ्या उरल्या असताना पिअर्सन’ येथे तुटला असून त्याखाली थेट शिकवणी वर्गाची जाहिरात सुरू होते. पिअर्सन यांची गाडी गरकन फिरली आणि पार्सन्स जिंकले. त्याआधी कित्येक फेऱ्या मागे पडलेले दुसरे चालक रिचर्ड पेटी यांनी आपल्या गाडीमागची हवेची ओढ पार्सन्स यांना मिळू दिली, म्हणून ते पिअर्सन यांच्या इतक्या जवळ पोहोचले होते. हे मला आधीच ठाऊक होते म्हणून निभावले. इतर वाचकांसाठी उरलेला मजकूर येत्या रविवारी छापावा, आणि त्या वेळी ‘साधा’ हा शब्द जागेअभावी गाळला तरी चालेल.

आपला,
गेल्या चाळीस वर्षांचा एक वाचक, मुलुंड